नऊशे शहाऐंशी

काट्यावर नऊशे शहाऐंशी हा आकडा आला आणि माझ्या हातातली गाळणी हातातच राहिली. सकाळचे सव्वासात वाजले होते, चहा उकळून भांड्याच्या काठाशी आला होता, आणि ओट्यावर, माझ्या नवऱ्यानं, अतुलनं, मागवलेल्या काचेच्या चपट्या काट्यावर, सरकारचं एक किलोचं पितळी वजन बसलं होतं. एक किलो म्हणजे हजार. हजार आणि नऊशे शहाऐंशी यांच्यात चौदा ग्रॅमचं अंतर, म्हणजे कुणालाही काय, चमचाभर साखर. पण मी वजनमापांची निरीक्षक आहे. चंद्रपूरचं काम, वर गडचिरोलीचा अतिरिक्त कार्यभार. बाजारातले काटे मी याच वजनांनी तपासते, बरोबर निघाले तर शिक्का मारते, आणि त्या शिक्क्यावर लोक वर्षभर डोळे मिटून विसंबतात. तेव्हा एक तर हा काचेचा काटा खोटा होता, नाही तर मी. चहा उतू गेला आणि गॅस विझला, तरी मी आकड्याकडेच बघत होते.

वजन तिथं ठेवलं ते निव्वळ खोडी म्हणून. अतुलची साखर वाढली, डॉक्टरांनी जेवण मोजून घ्यायला सांगितलं, आणि त्यानं तेवढ्यावरून हा काटा मागवला. साधा काटा नाही, फोनशी बोलणारा. पोहे मोजायचे तर आधी त्याला अतुलचं नाव हवं, जन्मतारीख हवी, गाव हवं, फोनमधल्या सगळ्या माणसांची यादी बघायची परवानगी हवी. पन्नास ग्रॅम पोह्यांसाठी एवढी चौकशी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. आज मला दौऱ्यावर निघायचं होतं म्हणून वजनांची पेटी घरी आणलेली होती. म्हटलं, बघू तरी या शहाण्याला किती कळतं. आकडा आला. घाईघाईनं वजन उचलून पुन्हा ठेवलं, तर काट्याच्या पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं आणि फोनवर पाटी आली, नवी आवृत्ती उतरवत आहोत, कृपया काटा बंद करू नका. बारा टक्क्यांवर ते थांबलं. तिथून पुढे गेलं नाही, मागे आलं नाही, आणि थोड्या वेळानं काटा जो मेला तो मेलाच. एकदा आरोप करून साक्षीदारानं बेपत्ता व्हावं, तसं झालं.

पेटी बंद करताना मला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी सगळे आपापली हत्यारं पुजतात. शेतकरी वखर-नांगर, ड्रायव्हर गाडी, आणि मी माझी वजनं. अकरा वर्षांत कधी चुकले नाही. पण मागच्या दसऱ्याला ती फार काळवंडलेली दिसली. पूजेला अशी मळकी वजनं मांडायची मला लाज वाटली, आणि मी ती चिंच-मिठानं घासली. नुसती घासली नाहीत, रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली, सकाळी राखेनं चोळली, लखलखीत केली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. या वजनांना उघडा हात लावायचा नाही, मऊ कातड्यानं धरायचं, हा नियम मला पाठ आहे. मीच तो नव्या लोकांना शिकवते. पण त्या दिवशी ती वजनं नव्हतीच, घरातली पितळी भांडी होती, आणि पितळ काळं पडलं की चिंच, हे माझ्या हातांना नियमाच्या किती तरी आधीपासून ठाऊक होतं. चिंचेनं पितळ झिजतं, पण केसभर. चौदा ग्रॅम झिजत नाही. मग कुठे गेले चौदा ग्रॅम? किलोच्या वजनाला वर बोंडी असते. ती फिरते. आत पोकळी असते आणि तिच्यात वजन जुळवायला शिशाचे बारीक छर्रे भरलेले असतात. घासताना बोंडी सैल लागली होती का? मोरीत काही टिक् करून पडलं होतं का? पडलं होतं असं वाटायला लागलं, मग तो आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तो त्या दिवशीचा आहे की मी आत्ता तयार केला, हे मला सांगता येईना.

चिंचेनं आमच्या घराचा पिच्छा कधी सोडला नाही. सिंदेवाहीजवळ आमचं किराणा दुकान होतं. वडिलांना सगळं गाव बापूजी म्हणायचं, म्हणून आम्हीही बापूजीच म्हणायचो. मी आठ वर्षांची असताना तराजूच्या पारड्याखाली मला चिंचेचा एक गोळा चिकटलेला दिसला, सुपारीएवढा. मला वाटलं घाण लागली आहे. मी तो नखानं खरवडून काढला आणि मोठ्या अभिमानानं बापूजींना दाखवला. समोर गिऱ्हाईक होतं. बापूजी हसले, गिऱ्हाईकही हसलं, आणि नंतर आतल्या खोलीत मला जे कळायचं ते कळलं. तेच बापूजी पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय त्यांना दुकानातून जाऊ देत नसत, आणि कुणाच्या घरी मयत झालं तर सामान आधी पाठवत, बोलणं नंतर. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सरकारचा माणूस वर्षातून एकदा येते, गिराईक रोज येते. मी कोणाले भ्यावं?" वाक्य बिनतोड होतं. फक्त खाली चिंच होती. मी या खात्यात आले ती त्या गोळ्यामुळे, हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही. आणि आता चिंच माझ्याच वजनांना लागली होती, तीही भक्तिभावानं.

अतुल केस पुसत स्वयंपाकघरात आला आणि उतू गेलेला चहा बघून म्हणाला, "काय झालं? कोणी गेलं का?" मी सांगितलं. तो हसला. मोहर्लीला भागीदारीत त्याचं सहा खोल्यांचं निवासघर आहे, वाघ बघायला येणारे लोक उतरतात. त्याच्या डोक्यात निरीक्षक या जातीबद्दल फार दिवसांचा राग साठलेला आहे, आणि तिच्यातलीच एक घरात असल्यामुळे तो काढायला त्याला लांब जावं लागत नाही. "अवं, चौदा ग्रॅमसाठी तू काऊन जीव जाळून राह्यली? सहा खोल्यांसाठी सतरा परवाने घेतले मी. आगीचा वेगळा, पाण्याचा वेगळा, बोर्डाचा वेगळा. सारे पोर्टलवर, अन् पोर्टल बंद. त्यातल्या एकानं तरी माझी चादर स्वच्छ राहते का? चादर स्वच्छ राहते कारण एखाद्यानं वाईट लिहिलं का पुढचा महिना खोल्या रिकाम्या. स्वार्थ हाच खरा इन्स्पेक्टर." बापूजींचंच वाक्य, फक्त टाय लावून आलेलं. मी म्हटलं, आणि ते पाच ताऱ्यांचे चांगले शेरे? तुझ्या मावसभावंडांनी लिहिलेले? त्यावर त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि पेपर उघडला. त्याचं सगळं चूक आहे असं मला वाटत नाही, तिथेच तर गोची होती. शिक्क्याला घाबरून सरळ वागणारा दुकानदार मी अकरा वर्षांत मोजून दोनदा पाहिला असेल. पण स्वार्थाला एकटं सोडलं की तो पारड्याखाली काहीतरी चिकटवतो, हेही मी माझ्या नखानं खरवडून पाहिलं होतं.

कार्यालयातला काटा तीन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेला होता आणि आला नव्हता. गावातल्या सराफाकडे जाऊन वजन पडताळावं, तर दुपारपर्यंत साऱ्या चंद्रपुरात बोंब होणार की मॅडमचंच माप खोटं. मग रीतसर कळवावं म्हणून घराबाहेर पडण्याआधी मी संगणक उघडला. प्रमाण वजनात फरक आढळल्यास कारण निवडा. गहाळ, चोरी, आग, पूर, इतर. चिंच नव्हती. इतर निवडलं तर पान गोठलं. पुन्हा उघडलं तर ओटीपी पाठवला आहे म्हणे; तो गेला माझ्या आधीच्या साहेबांच्या फोनवर, जे दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. त्यांना फोन केला तर ते इतके खूश झाले की प्रकृती, नातवंडं, आंब्याचा भाव सगळं सांगितलं, आणि तोवर ओटीपीची दहा मिनिटं संपली. प्रामाणिकपणे गुन्हा कबूल करायलाही सर्व्हर चालू लागतो, ही एक नवीच गोष्ट त्या सकाळी कळली. शेवटी पेटी मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले, कारण आलापल्लीच्या पुढच्या आठवडी बाजारात त्या दिवशी तपासणी ठरलेली होती आणि न जाणं म्हणजे कबुलीच.

तीन तासांच्या रस्त्यात मी डोक्यात तेच ते उलटंपालटं करत राहिले. वजन हलकं झालं असेल, तर त्याच्या आधारानं जुळवलेला काटा नेहमी जास्त दाखवणार. म्हणजे घेणारा बुडणार. किराणा दुकानात मिठा-मिरचीचं गिऱ्हाईक बुडणार, आणि मोहफुलांच्या बाजारात व्यापारी. व्यापारी बुडला तर तो काही रडत बसत नाही, भाव पाडतो, आणि ते शेवटी टोपलीवाल्याच्याच डोक्यावर येतं. दसऱ्यापासून आजपर्यंत किती काटे? मी आकडा काढला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडं उघडी उभी होती आणि खालचा पाचोळा जिथे जाळला होता तिथे जमीन काळी होती. लोक मोह वेचायच्या आधी झाडाखालचं असं साफ करून घेतात. पहाटे अंधारात निघायचं, एकेक फूल वेचायचं, वाळवायचं, राखायचं, आणि मग बाजारात आणून एका पडद्यावरच्या आकड्याच्या हवाली करायचं. त्या आकड्याखाली माझी सही. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली, नोकरीची नाही. पारड्याखाली चिंच लावणाऱ्याची मुलगी शेवटी तेच करून बसली, याची.

बाजारात धनराजनं नेहमीप्रमाणे ओरडून स्वागत केलं. धनराज मोहाचा व्यापारी. माणूस तोंडाळ, पण माझ्या वहीत त्याच्यावर एकही शेरा नाही. दिवाळीनंतर त्याचा काटा बिघडला होता, कारागिरानं तो माझ्याच वजनांवर नव्यानं जुळवला होता आणि मी शिक्का मारला होता. म्हणजे वजन खोटं असेल तर हा काटाही खोटा, आणि दोघं एकमेकांची साक्ष देणार. मी पेटी उघडली नाही. म्हटलं, आधी जरा सावलीत बसते. करंजाखाली बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली इतवारी मला तोंडओळखीनं माहीत होती. पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीवरची, साठीची, दर हंगामात मोह घेऊन येणारी. मी जवळ गेले तशी तिनं काहीतरी झटकन लुगड्याखाली घेतलं. अकरा वर्षांच्या सवयीनं माझे डोळे तिकडेच गेले. लाकडी पायली होती, काळी झालेली, काठ गुळगुळीत. किलो आल्यापासून पायलीनं व्यवहार करायला कायद्यानं बंदी आहे, आणि अशा पायल्या मी जप्त केलेल्या आहेत, एकदा तर पोतंभर.

"घेऊन जाशीन का बाई?" इतवारीनं विचारलं. घाबरून नाही, चौकशी केल्यासारखं.

"तुम्हाला माहीत आहे ना, ही चालत नाही?"

"नोको चालू दे. विकतो थोडीच मी तिच्यानं. काट्यावरच विकतो." तिनं पायली बाहेर काढून मांडीवर ठेवली. "घरून मोजून आनतो, इथी एकडाव मोजतो. चार पायल्याले दहा किलो येते, कडक वाळला असला त. मंग काट्यावर पायतो, तुमी लोकं खरं सांगून राह्यले का नाई."

मी तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. माझ्या शिक्क्यावर लोक डोळे मिटून विसंबतात, असं मी सकाळपर्यंत समजत होते. "मागच्या वर्षी किती येत होतं?" मी विचारलं.

"दहाच."

"आणि यंदा? दिवाळीनंतर काटा दुरुस्त केला, तेव्हापासून? जास्त येतं का? खरं सांगा."

इतवारीनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग शेजारणीकडे, आणि दोघी हसल्या. "जास्त आलं असतं त मी तुले सांगतलो असतो का?"

बरोबरच होतं. तिनं का सांगावं? कमी आलं असतं तर ती बोंबलली असती, जास्त आलं असतं तर मुकाट टोपली उचलून घरी गेली असती. धनराजचं नेमकं उलटं. बापूजी असते तर तिला दुकानात भागीदार करून घेतलं असतं. मी म्हटलं, "माझ्यासमोर मोजता का?" ती उठली. पायली भरून तिनं हातानं वरचं सपाट केलं, पातळ प्लॅस्टिकच्या पोत्यात ओतली. दुसरी. तिसरी. मी तिच्या हाताकडे बघत होते. दर वेळी तोच हात, तसाच फिरत होता, एक फूल जास्त नाही की कमी नाही. चौथी. पोतं धनराजच्या काट्यावर ठेवलं तेव्हा मी मान वळवली. चौदा ग्रॅमचा घोळ खरा असेल तर दहा किलोला एकशेचाळीस ग्रॅम जास्त दिसणार होते, आणि इतकं या पायलीला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. माझ्या कानात पुन्हा ते टिक् वाजलं. मग मी पाहिलं. दहा किलो साठ ग्रॅम.

"पोत्याचं वजन धरून," धनराज म्हणाला. "दहाच हाय मॅडम. इतवारीबाईच्या चार पायल्या म्हंजे दहा. तीन सालापासून पायतो मी. ते आली का मी पयले तिचंच मोजतो, मले माह्या काट्याची खातरी होते."

"तुम्हाला माहीत आहे तिच्याकडे पायली आहे?"

"साऱ्या बाजाराले माईत हाय. तुमालेच माईत नोयतं." मग आपण कुणाशी बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकदम काट्याची काच पुसायला लागला.

मला हसू आलं, आणि ते थांबेना. तिला जास्त हवं, त्याला कमी हवं. एकाच पोत्याच्या दोन बाजूंना दोघांचे स्वार्थ समोरासमोर उभे, कुणी कुणाला सोडणारा नाही, आणि दोघांचं मागच्या वर्षीही दहावर एकमत होतं आणि यंदाही दहावरच आहे. मधे माझी चिंच होऊन गेली तरी. म्हणजे छर्रे मोरीत पडले नव्हते. खोटा होता तो काचेचा शहाणा, पोह्यांसाठी जन्मतारीख मागणारा. मी पेटी उघडली, किलोचं वजन हातात घेतलं आणि बोंडी फिरवून पाहिली. ती हललीच नाही. हे मी सकाळी घरीही करून पाहू शकले असते. भीतीनं माणसाची अक्कल कशी गहाण पडते ते मी इतरांच्या बाबतीत नेहमी बघते. छातीवरून काहीतरी उतरलं, खरोखर उतरलं, श्वास पोटापर्यंत गेला, वाळत्या मोहाचा तो गोड आंबूस वास आता कुठे मला आला, आणि भूक लागल्याचंही कळलं. ही वजनं मी नागपूरला पडताळायला पाठवणार होतेच, सर्व्हर चालू झाला की. चिंचेचंही लिहिणार होते. पण आता ते कागदाचं काम होतं.

एक गोष्ट मात्र जरा टोचली. अकरा वर्षं मी समजत होते की मी नसेन तर या लोकांना कुणीही लुबाडेल. आणि इथं ही बाई करंजाखाली बसून दर हंगामात माझी तपासणी करत होती, शिक्का न मारता, नोटीस न देता, आणि मी दरवर्षी पास होत होते. टोचलं, पण त्या टोचण्यातही सुखच होतं. साऱ्या बाजाराचं ओझं माझ्या एकटीच्या वजनांवर नाही, हे कुणीतरी मला फार आधी सांगायला हवं होतं. पायलीकडे मी पुन्हा बघितलं नाही. तिच्यानं व्यवहार होत नव्हता, नुसती खात्री होत होती, आणि खात्री करून घ्यायला कायद्याची कुठेच बंदी नाही. असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलं.

"मंग मॅडम," धनराजनं मागून विचारलं, "काटा पास का?"

"इतवारीबाईंना विचारा," मी म्हटलं.

इतवारी फडक्यात पायली बांधत होती. तिनं गाठ मारली, दातानं घट्ट ओढली, आणि मान वर न करता म्हणाली, "आतापर्यंत त हाय."